साळूच्या वाडग्यातली दुनजरी

वर ते दगडी कुसू दिसतंय ना, अर्धं ढासळलेलं, त्याला साळूचं वाडगं म्हणतात. वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायची जागा. आता तिथं मेंढरू कुणी कोंडत नाही. आत कमरेएवढी झुडपं आहेत, हिरव्याला जांभळी झाक असलेली, आणि वारा या बाजूचा असला की त्यांचा उग्र वास माझ्या अंगणापर्यंत येतो. तो गांजाच. आमच्या करंजदऱ्याचा जुना वाण, नाव दुनजरी. तो कुणी पेरलेला नाही. दरवर्षी सरकारी माणसं येतात, सगळं उपटतात, जाळतात, फोटो काढून घेऊन जातात, आणि पुढचा पावसाळा सरला की तो पुन्हा उभा असतो.

तुम्ही कशासाठी आलात ते मला ठाऊक आहे. माझं घर या वाटेवरचं शेवटचं, त्यामुळं येणारा प्रत्येक जण माझ्याकडंच पाणी मागतो आणि पाणी पिता पिता हळूच विचारतो, ‘बाबा, ते दुनजरी म्हणतात ते इथंच का?’ तोंडावर भाव असा, की जणू देवदर्शनाला निघालेत. वर जा, बघा, पण पानाला हात लावू नका. कायद्याचं भय मी घालत नाही, ते घालायला दुसरी माणसं नेमलेली आहेत. आधी ऐका आणि मग जा, एवढंच म्हणतो. ऐकल्यावर पुष्कळ जण वर न जाताच माघारी फिरतात.

एके काळी हे सगळं खोरं या पिकावर जगत होतं, असं सांगतात. गोसावी यायचे, वैदू यायचे, किल्ल्यावर माल जायचा. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. कुणी ऊस लावतो, कुणी हळद लावतो, तसे आमचे लोक गांजा लावत. पण हे पीक मोठं खोडीचं. यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. माल मिळतो तो मादीचा. नराची फुलं उमलली की त्यातून पिवळी धूळ उडते, आणि ती धूळ बसली की मादी बी धरते. मग त्या मालाला कुणी विचारत नाही. एक नर जरी चुकून राहिला तरी त्याच्या वाऱ्याखालची सगळी शेतं वाया जातात. म्हणून नर उमलायच्या आधीच ओळखून उपटायचा. ओळखायचं पेरावर, जिथं पान खोडाला चिकटतं तिथं. बारीक गोळी धरली तर नर, दोन पांढरे केस फुटले तर मादी. मी सांगतोय तेवढं ते सोपं नव्हतं. ती गोळी मोहरीहून लहान, आणि केस कधी कधी फार उशिरा फुटायचे. ज्याच्या त्याच्या डोळ्याचं ते काम नव्हतं. त्यासाठी खोऱ्यात एक पारखी असायचा.

त्या काळी पारखी होता येमाजी. त्याच्यासारखी नजर या खोऱ्यात ना आधी झाली ना नंतर, असं म्हणतात. तो तासातून, म्हणजे झाडांच्या दोन ओळींमधून, चालत जायचा, थांबायचा नाही, वाकायचा नाही. चालता चालता हात खाली जायचा आणि झाड मुळासकट वर यायचं. एखाद्यानं हळूच म्हटलं, ‘येमाजी, ह्ये जरा परत बघता का?’ तर तो म्हणायचा, ‘दुसऱ्यांदा बघितलं का माणूस कच्चा पडतो. दया यती झाडाची.’ आणि खरोखरच त्याची चूक झालेली कुणी पाहिली नव्हती. आता तुम्ही म्हणाल, उपटलेलं झाड नर होतं की मादी हे नंतर कोण बघायला जाणार? मीही तेच म्हणतो. पण त्या वेळी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

येमाजीची बायको ठकू, आणि एकुलती एक लेक साळू. साळू पलीकडच्या खोऱ्यात दिलेली होती आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी आली होती. पोरगी बोलकी, थट्टेखोर. बापाची चेष्टा करायची सोय अख्ख्या गावात तिला एकटीलाच होती. ‘आबा माणसाला बी पेरावरनंच वळखत्यात,’ असं ती आयाबायांना सांगायची, आणि येमाजी ते ऐकून गालातल्या गालात हसायचा. दगडासारखा माणूस, पण लेकीवर त्याचा जीव होता. हे ध्यानात ठेवा. गोष्ट ऐकताना लोकांना वाटतं की हा बाप निर्दय असणार. तो निर्दय नव्हता, म्हणूनच मला ही गोष्ट सांगताना जड जातं.

त्याच दिवाळीत खालच्या गावांतून बातमी आली की गाठीचा ताप सुरू झालाय. काखेत नाहीतर जांघेत गाठ येते, ताप चढतो, आणि माणूस जातो. एका घरात शिरला की घर रिकामं करूनच बाहेर पडतो. मेलेल्याला खांदा द्यायला माणूस उरलेला नाही, असं येणारे जाणारे सांगू लागले. मग येणारे जाणारेही थांबले.

करंजदऱ्याची माणसं भैरोबाच्या पुढं जमली. जो तो भेदरलेला. कुणी म्हणालं रानात पांगू, कुणी म्हणालं देवाला कौल लावू. तेव्हा येमाजी उठला. तो सहसा चारचौघांत बोलायचा नाही, त्यामुळं सगळे त्याच्याकडं वळले.

‘ह्यो रोग बी नरावानीच हाय,’ तो म्हणाला. ‘एक ऱ्हायला तर समदं खोरं जाईल. वाटा बंद करा. आन गावात कुणाला गाठ दिसली का त्याला वढ्याच्या पल्याड वाडग्यात ठिवा. घर कुणाचं, माणूस कुणाचं, बघायचं न्हाई. एकदा भाईर काढला का परत आत घ्यायचा न्हाई. उपटलेला नर बांधावर टाकला तरी त्यो पडल्या पडल्या उमलतो, ठावं हाय ना तुमास्नी?’

ठाऊक होतंच. त्या खोऱ्यातल्या पोरासोरांनाही ते ठाऊक होतं. उपटलेले नर कधी बांधावर टाकत नसत, वाऱ्याच्या उलट्या बाजूला लांब नेऊन पुरत असत. त्यामुळं येमाजीचं म्हणणं सगळ्यांना एकदम पटलं. दुसऱ्या कुठल्या गावात हे कुणी बोललं असतं तर चार माणसांनी तरी विचारलं असतं की बाबा, माणूस आणि झाड एक कसं? आमच्याकडं कुणी विचारलं नाही. जन्मभर ज्या रीतीनं पीक राखलं त्याच रीतीनं गाव राखायचं, यात त्यांना शहाणपण दिसलं. सगळ्यांनी तशी शपथ घेऊन बेलभंडार उचलला. येमाजीनं सगळ्यांत आधी.

मग गावाच्या वाटा बंद करायचं काम निघालं. बाभळीच्या फांद्या तोडून, ओढत आणून, वाटेवर आडव्या टाकायच्या. बाया, पुरुष, सगळेच राबत होते. साळूही पदर खोचून फांद्या ओढत होती. त्यात एक लांब काटा तिच्या टाचेत शिरला आणि आत मोडला. शेतातल्या माणसाला काट्याचं काय कौतुक? तिनं ओढून जेवढा निघाला तेवढा काढला, वर बिब्ब्याचा चटका दिला आणि पुन्हा कामाला लागली. घरी कुणाला बोलली नाही.

पाय ठणकू लागला. मग ताप आला. आणि जांघेत गाठ आली.

तुमच्यापैकी कुणी खेड्यात वाढलेलं असेल तर त्याला माहीत असेल की पायाला जखम झाली, ती आतून चिघळली, तर जांघेत गाठ येते. तिला आम्ही अवधान म्हणतो. काटा निघाला, पू वाहिला की ती आपोआप बसते. ठकूला हे कळत होतं. साळूला मोरीत नेऊन तिनं पाहिलं आणि तिला ते लगेच कळलं. पण तोवर शेजारणीनंही पाहिलं होतं. शेजारीण ओरडत बाहेर पळाली, आणि थोड्याच वेळात दारापुढं गाव उभं राहिलं. दारापुढं म्हणजे चांगलं लांब, पांदीच्या पलीकडं.

येमाजी शेतातून आला. त्याचा नर काढायचाच हंगाम चालू होता. हाताला झाडांचा चीक तसाच होता. त्यानं लेकीकडं पाहिलं. ताप दिसला, गाठ दिसली.

ठकू आडवी आली. ‘पाय बघा तिचा! अवं, टाच बघा. अवधान हाय त्ये, काटा मोडलाय आत.’

‘पाय काय बघायचा?’ येमाजी म्हणाला. ‘गाठ दिसली.’

पारखी पेर बघतो, मूळ बघत नाही. त्याला तशीच सवय होती. आणि दुसरं असं की सगळं गाव समोर उभं होतं, बेलभंडार सगळ्यांत आधी त्यानं उचलला होता, आणि पहिली गाठ निघाली ती त्याच्याच घरात. त्या क्षणी लेकीची टाच बघायला तो वाकला असता तर लोक म्हणाले असते की स्वतःच्या घरचं आलं आणि येमाजी दुसऱ्यांदा बघायला लागला. त्याला ते ऐकायचं नव्हतं. माझ्या मते त्या घटकेला त्याला लेकीपेक्षा स्वतःच्या नजरेचा मान मोठा वाटला. हे माझं मत आहे. गावात काही जण अजूनही त्याची बाजू घेतात.

माहेरवाशीण घरातून निघते तेव्हा तिची ओटी भरतात. ठकूनं ती भरली. धान्य घातलं, खोबऱ्याची वाटी घातली, आणि आमच्या खोऱ्यातल्या तेव्हाच्या रीतीप्रमाणं घरच्या बियाण्यातली चिमूटभर गांजाची बीही घातली. लेक सासरी जावो नाहीतर मसणात, रिकाम्या ओटीनं जाऊ नये, असं ती म्हणाली म्हणे. साळू रडली नाही. बापाला बरं वाटावं म्हणून हसली, आणि लंगडत ओढा ओलांडून वर गेली.

ओढ्याच्या मधोमध एक सपाट धोंडा आहे, तुम्ही येताना त्यावर पाय देऊन आलात. ठकू रोज त्या धोंड्यावर भाकरी आणि पाण्याची घागर ठेवून मागं फिरायची. मग साळू खाली उतरून घेऊन जायची. दोघींना बोलायची परवानगी होती, पण लांबून, आणि काठावर लाठ्या घेतलेली माणसं उभी असायची. ‘जीव कसा हाय?’ ‘बरा हाय.’ ‘थंडी वाजती का?’ ‘वाजती.’ एवढंच. कार्तिक सरत आला होता आणि वरच्या माळावर वारा कसा असतो ते रात्री राहिलात तर कळेल.

एक दिवस ठकू गेली तर धोंड्यावर पळसाचं पान ठेवलेलं, आणि पानावर काट्याचा मोडका तुकडा. वर साळू उभी होती. नीट, दोन्ही पायांवर.

‘आये, काटा निगाला!’ ती ओरडली. ‘लई पू गेला. गाठ बसली बघ. ताप बी न्हाई.’

ठकूनं तो काटा उचलायला हात पुढं केला तर राखणीच्या माणसांनी तिला मागं ओढलं. वाडग्यातली वस्तू गावात येऊ द्यायची नाही, असा ठराव होता. ती ओरडत राहिली, ‘आरं बघा की रं, काटा हाय त्यो! बाभळीचा काटा हाय!’ कुणी बघितला नाही. कुणीतरी काठीनं पान ढकललं आणि पान काट्यासकट पाण्यातून वाहत गेलं.

दुसऱ्या दिवशी साळू स्वतः खाली आली. अंघोळ केलेली, केस विंचरलेले, कपाळाला कुंकू. ओढ्याच्या काठाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘म्या बरी झाले. घरी येती.’

गाव जमलं होतं. भीती माणसाचं काय करते ते सांगायला नको. ज्यांनी तिला कडेवर खेळवलं तीच माणसं मागं सरली. कुणी म्हणालं, गाठ फुटून बरं वाटतं आणि मग एकदम उलटतं. कुणी म्हणालं, वरून बरं दिसलं तरी आत असतं. सगळे येमाजीकडं बघू लागले. तो पारखी. तो सांगेल तसं.

येमाजी पुढं आला. साळूनं त्याला पाहिलं आणि तिला धीर आला. ती पाण्यात उतरली.

‘थांब,’ तो म्हणाला.

‘आबा, बरी हाय म्या.’

‘मागं जा, पोरी.’

‘आबा, परत एकदा बघा की! एकदाच बघा!’

आणि ती आणखी एक पाऊल पुढं आली, तेव्हा येमाजीनं खाली वाकून दगड उचलला. त्याला मारायचं नव्हतं, भेडसावायचं होतं, असं त्याच्या बाजूची माणसं सांगतात. असेलही. पण दगड तिच्या कपाळाला लागला. पारख्याचा हात तो, नेम चुकायचा कसा? आणि एकानं मारल्यावर मग बाकीच्यांचे हात मोकळे झाले. साळू तोंड झाकून पाण्यात बसली, मग उठली आणि वर गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. ठकूला चौघींनी धरून ठेवलं होतं.

त्यानंतर साळू भाकरी न्यायला कधी खाली आली नाही. ठकू रोज भाकरी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी टोचलेली तीच भाकरी उचलून नवी ठेवायची. वर धूर दिसेनासा झाला. ठकू नवऱ्याच्या पायावर डोकं आपटून म्हणाली, मला तरी जाऊ द्या. त्यानं जाऊ दिलं नाही. पोटची पोर जिवंतपणी अशी मरायला सोडलेली बघणारी आई मी मनाशी आणून बघतो आणि मला पुढचं सांगवत नाही. पण सांगावं लागतं.

संक्रांत झाली. माल कापून झाला. त्या वर्षी पीक उत्तम आलं, एका झाडानंही कुठं बी धरलं नव्हतं. आणि गावात दुसरी गाठ कुणाला आली नाही. खालच्या गावांतला ताप ओसरल्याची बातमी आली तेव्हा बाभळीची कुंपणं पेटवून दिली आणि माणसं वाडग्यात गेली. साळू कुसवाला टेकून बसली होती. थंडीनं गेली, उपाशी राहून गेली, की आणखी कशानं, कुणाला सांगता आलं नाही. शरीर वाळून गेलं होतं. कपाळावर खोक होती. ठकूनं तिची टाच हातात घेतली. भोक बुजलं होतं, वर नवी कातडी आली होती. जांघेत काही नव्हतं.

तिनं ते सगळ्यांना दाखवलं. माणसांनी मान खाली घातली. पण खाली उतरता उतरता त्यांनी आपल्या मनाची समजूत घातली. गाव वाचलं ना? एकही माणूस दगावला नाही ना? मग पारख्यानं केलं ते बरोबरच केलं. सासरी निरोप गेला की रोगानं नेली. येमाजीचा मान वाढला. स्वतःच्या लेकीलाही न सोडणारा माणूस म्हणून लोक त्याला वाट देऊ लागले, आणि त्यानं तो मान घेतला. ठकू त्याला जेवायला वाढत होती, पण त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या पावसाळ्यात वाडग्यात झाडं उगवली. साळूच्या ओटीतलं बी तिथं सांडलं होतं. मेंढरांच्या जुन्या खताची जमीन, झाडं जोमानं वाढली, आणि खोऱ्यात कधी न दिसलेला जांभळा रंग त्यांच्या खोडावर होता. दिवाळी जवळ आली तशी माणसं येमाजीकडं आली. जागा उंचावर, वाऱ्याच्या तोंडाशी. तिथला एक नर उमलला तर सगळ्या खोऱ्यावर धूळ बसेल. लेक गेल्यावर येमाजी वर गेला नव्हता. आता जावंच लागलं.

त्यानं आत पाऊल टाकलं आणि पेरं बघितली. पहिल्या झाडाला गोळी. दुसऱ्याला गोळी. सगळ्याच झाडांना गोळी. सगळे नर. असं कधी होत नाही, निम्मे नर निम्म्या माद्या असा निसर्ग आहे, पण त्याच्या नजरेनं नर सांगितलं म्हणजे नर. तो उपटत सुटला. कुसवाच्या कोपऱ्यात, जिथं साळू टेकलेली सापडली होती, तिथलं एक झाड तेवढं राहिलं. कुणी म्हणतात दिवस मावळला म्हणून, कुणी म्हणतात त्याचा हातच पुढं होईना. पहिल्यांदाच त्यानं एक झाड दुसऱ्या दिवसावर टाकलं.

सकाळी तो आला, वाकला, आणि तसाच राहिला. त्या झाडाच्या प्रत्येक पेरावर दोन दोन पांढरे केस फुटले होते. ती गोळी नव्हतीच. केस पोटात घेऊन मिटलेली मादीची कळी होती. त्यानं मागं वळून आदल्या दिवशीच्या ढिगाकडं पाहिलं. ऊन लागून सुकत चाललेल्या प्रत्येक झाडाला तसेच पांढरे केस आले होते. मुळं आभाळाकडं, आणि झाडं उमलत होती.

तो तिथंच बसला. माणसं बोलवायला आली. सगळी शेतं उमलायला आलीत, चला म्हणाली. तो म्हणाला, ‘माज्या नजरंवर आता कायबी उपटू नगा. माजी नजर खोटी हाय. पोरीला म्याच मारली.’ माणसांनी हातापाया पडून पाहिलं, शिव्या देऊन पाहिल्या. तो उठला नाही. त्या वर्षी खोऱ्यातले नर तसेच उभे राहिले, पिवळ्या धुळीनं सगळी शेतं माखली, आणि सगळा माल बी धरून वाया गेला. वाडग्यातल्या त्या एकट्या झाडावरही धूळ बसली. त्यानंही बी धरलं.

येमाजी खाली आला नाही तेव्हा ठकूनं भाकरी बांधली आणि ओढ्यातल्या धोंड्यावर नेऊन ठेवली. लेकीला ठेवत होती तशीच. ती माघारी वळली तोवर तो खाली उतरला होता. तो धोंड्यापर्यंत आला नाही, पलीकडच्या काठाला उभा राहिला. लेक जिथं उभी राहिली होती तिथंच.

‘येऊ का घरी?’ त्यानं विचारलं.

ठकू वळली. तिनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलली.

‘उद्या परत बघते,’ ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तो विचारायचा, ती बघायची, आणि म्हणायची, ‘उद्या परत बघते.’ ओढा ओलांडायला आता त्याला कुणी अडवत नव्हतं. लाठ्या घेतलेली माणसं नव्हती, बेलभंडाराची बंदी नव्हती. पाणी घोट्याएवढं. पण ती हो म्हणेपर्यंत त्यानं त्यात पाय घातला नाही. थंडी वाढली. तो काठीच्या आधारानं उतरू लागला, मग बसत बसत उतरू लागला. ठकूचं बघणं चुकलं नाही आणि बोलणंही बदललं नाही.

मग एक दिवस तो खाली आला नाही. ठकूनं हाक मारली. पुन्हा हाक मारली. मग भाकरी तशीच हातात घेऊन ती ओढा ओलांडून वर गेली. येमाजी त्या झाडाशेजारी आडवा झालेला होता. झाडाला त्यानं दगडांचा आडोसा केला होता आणि आपलं घोंगडं त्याच्याभोवती गुंडाळलं होतं.

ठकू पुन्हा गावात राहायला आली नाही. वाडग्यातच राहिली. त्या एका झाडाचं बी तिनं पेरलं, वाढवलं, आणि खोऱ्याला दिलं. बियाणं कुणाकडं उरलं नव्हतं असं नाही, पण पारखी उरला नव्हता, आणि लोकांना आपल्याच नजरेची भीती वाटू लागली होती. ठकू देताना एकच अट घालायची. झाड नर वाटलं तर त्याला सुताचा दोरा बांधायचा आणि सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा बघायचं. दोन्ही वेळा नर दिसला तरच हात लावायचा. म्हणून त्या वाणाचं नाव दुनजरी पडलं. पहिल्या नजरेला ती मादी असून नर दिसते आणि दुसऱ्या नजरेला खरी दिसते. साळूनं बापाला पुन्हा बघा म्हटलं होतं, म्हणून ती अशी उगवते, असं आमच्या बाया मानतात.

शेती बंद झाली त्याला आता पिढ्या झाल्या. दोरा बांधायला कुणाच्या शेतात झाड राहिलं नाही. पण ठकूचं बोलणं गावात राहिलं. आजही करंजदऱ्यात कुणाच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, कुणी भावाभावांत वाटणीची गोष्ट काढली, कुणी कुणावर आळ घेतला, तर त्या दिवशी निकाल देत नाहीत. घरातला कर्ता माणूस, मिशीला पीळ दिलेला असला तरी, ‘उद्या परत बघते’ असंच म्हणतो. ‘बघतो’ म्हणत नाही. बाहेरचे पाहुणे हसतात. आम्ही हसू देतो. आणि आजारी माणसाला गावाबाहेर ठेवणं आमच्याकडं त्यानंतर झालं नाही. मधल्या काळात पुष्कळ रोग आले, त्यात आमची माणसंही गेली, पण ती घरात गेली.

वर गेलात तर दोन दगडांच्या राशी दिसतील. एक कुसवाच्या आत, ती साळूची. दुसरी बाहेर, ती येमाजीची. ठकूनंच तशी रचली. तिची स्वतःची कुठं आहे ते कुणाला माहीत नाही.

ठकूनं नवऱ्याला शिक्षा केली की काय केलं, यावर आमच्याकडं अजून वाद होतो. पुरुष म्हणतात, शिक्षाच केली, झुलवून झुलवून मारला त्याला. मीही तसंच म्हणायचो. एकदा माझ्या बायकोपुढं म्हणालो. ती चुलीपाशी बसली होती. म्हणाली, तुम्हाला काही कळत नाही. ती रोज खरंच बघायला जात होती. आज याला घरी ये म्हणता येईल का, हे बघायला. रोज भाकरी बांधताना तिला वाटत असेल की आज जमेल. आणि काठावर उभा राहिलेला तो दिसला की तिथं उभी राहिलेली लेक दिसत असेल. नाही जमलं तिला.

एवढं बोलून तिनं भाकरी उलटली.